स्ट्रॅटफर्ड (ऑन्टारियो): नाटकाच्या गावातली जुनी घरं आणि तिथले बी अँड बी

ओसरी

उन्हाळा लागला की टोरांटोच्या आसपासच्या आपल्या मंडळींच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. देशातून आई-बाबा आलेत, नायगारा झाला, थाउजंड आयलंड्स झालं, आता कुठे न्यायचं? माझं उत्तर ठरलेलं आहे. स्ट्रॅटफर्डला न्या, आणि त्याच रात्री परत यायची घाई करू नका. नाटक सुटल्यावर ४०१ हायवेवरून डोळे ताणत गाडी हाणली की गाव निम्मंच बघून होतं. उरलेलं निम्मं म्हणजे तिथली जुनी राहती घरं आणि त्यांतले बी अँड बी, म्हणजे 'बेड अँड ब्रेकफास्ट', घरातच मुक्काम आणि सकाळचा नाश्ता.

टोरांटोपासून साधारण दीडशे किलोमीटर, वस्ती ३३ हजारांच्या आसपास. १८८५ पासून कागदोपत्री 'सिटी'. या गावाचं नाव आणि पाहुणचार यांचं नातं पहिल्यापासूनचं आहे. १८३२ मध्ये इथे विल्यम सार्जिंट नावाच्या माणसाचं 'शेक्सपिअर हॉटेल' होतं. जमिनी विकणाऱ्या कॅनडा कंपनीचे टॉमस मर्सर जोन्स यांनी त्याला शेक्सपिअरचं चित्र भेट दिलं. गाव झालं स्ट्रॅटफर्ड, नदी झाली एव्हन (शेक्सपिअरच्या इंग्लंडमधल्या गावाची आणि नदीचीच ही नावं), आणि पुढे रस्त्यांना-शाळांना रोमिओ, हॅम्लेट अशी नावं पडत गेली. नाटक यायला मात्र आणखी एकशेवीस वर्षं जावी लागली!

मधला सगळा काळ गाव जगलं ते रेल्वेवर. वाफेच्या इंजिनांच्या दुरुस्तीचा प्रचंड कारखाना, जोडीला फर्निचरचे कारखाने. आज ज्या घरांत आपण पैसे मोजून झोपतो ती रेल्वेचे अधिकारी, कारखानदार, डॉक्टर, व्यापारी यांनी १८७० ते १९१० च्या दरम्यान बांधलेली. फिकट पिवळ्या विटा (तिथल्या मातीत चुन्याचा अंश जास्त, म्हणून भाजल्यावर लाल होत नाहीत), तिन्ही बाजूंनी फिरलेला व्हरांडा, कोपऱ्यात एखादा बुरूज, छपराच्या कडेला लाकडी झालर.

मग डिझेल इंजिनं आली आणि वाफेच्या कारखान्याचे दिवस भरले. १९६४ मध्ये तो बंदच झाला. पण त्याच्या बरंच आधी गावातल्याच टॉम पॅटरसन या पत्रकाराच्या डोक्यात शेक्सपिअर महोत्सवाचं खूळ शिरलं होतं. नामवंत ब्रिटिश नट लॉरेन्स ऑलिव्हिएला भेटायला न्यू यॉर्कला जायचं म्हणून त्याने १९५२ मध्ये नगर परिषदेकडे शंभर डॉलर मागितले. परिषदेने दिले सव्वाशे! ऑलिव्हिए काही भेटला नाही, पण पुढे दिग्दर्शक टायरोन गथ्री गळाला लागले, आणि १३ जुलै १९५३ ला तंबूत पहिला प्रयोग झाला. मुख्य भूमिकेत ब्रिटिश नट अ‍ॅलेक गिनेस. गावात हॉटेलं पुरेशी नव्हती, म्हणून लोकांनी आपापल्या घरातल्या खोल्या पाहुण्यांना दिल्या. आजच्या बी अँड बीचं मूळ ते आहे. तेव्हा 'हेरिटेज अनुभव' वगैरे भाषा नव्हती. माणसं आली होती आणि त्यांना झोपवायचं होतं, एवढंच.

आता कामाचं. खरा बी अँड बी तो, जिथे घरमालक त्याच घरात राहतात आणि सकाळी स्वतः नाश्ता करून वाढतात. जुन्या घराचा फोटो लावून चावीच्या डब्याचा नंबर पाठवणारे वेगळे. मला व्यक्तिशः त्यांच्यात रस नाही, कारण या गावात अर्धी मजा नाश्त्याच्या टेबलावर आहे. सहा-आठ अनोळखी माणसं, सगळ्यांनी आदल्या रात्री कुठलं ना कुठलं नाटक पाहिलेलं, आणि कॉफीचा दुसरा कप होईपर्यंत कोणी ना कोणी वाद उकरून काढतोच. यजमानीणबाई वाढता वाढता असं एखादं वाक्य टाकतात की समीक्षकानं वही मिटावी. हंगामभर सगळे प्रयोग बघितलेल्या असतात त्या.

तुमचे अनुभव लिहा. कुणाला काही विचारायचं असेल तर तेही विचारा.

कोपऱ्यातला_प्रेक्षक

धागा वाचनखुणेत टाकला आहे. नाश्त्याच्या टेबलाबद्दल शंभर टक्के अनुमोदन. मिशिगनहून वर्षानुवर्षं येणारी बरीच मंडळी तिथे भेटतात. डेट्रॉइट तसं जवळच. त्यांचा थाट असा असतो की गाव आमचं, तुम्ही पाहुणे.

थोडं थिएटरबद्दल. फेस्टिव्हल थिएटर १९५७ मध्ये तंबूच्या जागी बांधलं आणि त्याचं छप्पर मुद्दाम तंबूसारखं ठेवलं. रंगमंच प्रेक्षकांत घुसलेला, तिन्ही बाजूंनी खुर्च्या. आसनं अठराशेच्या वर असूनही शेवटचा प्रेक्षक रंगमंचापासून वीस मीटरच्या आतच असतो. त्यामुळे बाजूचं स्वस्त तिकीट काढायला कचरू नका. प्रयोगाआधी बाहेर तुतारीवाले येऊन तुताऱ्या वाजवतात, ते चुकवू नका. आणि सुटल्यावर नदीकाठाने चालत गावात यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. मुक्कामाचं घर गावाच्या मध्याजवळ असेल तर गाडी हलवायलाच लागत नाही. ओसरीताईंनी हा मुद्दा कसा सोडला कोण जाणे.

वॉटर्लूवासी

सगळं छान, पण थोडं पाणी ओततो. हंगामात शनिवारच्या रात्रीचे दीडशे ते अडीचशे डॉलर, बऱ्याच ठिकाणी किमान दोन रात्रींची अट, वर कर. एवढं देऊन मिळतं काय? करकरणारा जिना, खिडकीत बसवलेला एसी, आणि सकाळी नऊला अंघोळ करून अनोळखी लोकांशी गोड बोलायची सक्ती. मी सुट्टीवर गेलो की नऊला कुणाशीही गोड बोलत नाही, घरच्यांशीसुद्धा.

किचनरपासून पाऊण तासात पोचता येतं. आम्ही दुपारचा प्रयोग बघतो, नदीकाठी हंस बघतो, आइस्क्रीम खातो आणि जेवायला घरी. राहायचंच असेल तर गावाबाहेरच्या रस्त्यावर मोटेल आहेत, निम्म्या पैशात काम होतं.

ओसरी

@वॉटर्लूवासी, पाऊण तासावर राहणाऱ्याने मुक्काम करू नये हे मान्य. हा धागा ब्रॅम्प्टन-मिसिसागा-स्कारबरोवाल्यांसाठी आहे असं समजा. :)

पैशांचं म्हणाल तर शनिवारचा हट्ट सोडा. मंगळवार ते गुरुवारचा मुक्काम स्वस्त पडतो, दोन रात्रींची अट बहुतेक सुटते आणि तिकिटंही हवी तशी मिळतात. मे महिन्याचा शेवट किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध उत्तम. हिवाळ्यात मात्र बरेचसे यजमान पाहुणे घेत नाहीत.

कराचा बारकावा: १३ टक्के एचएसटी (इथला विक्रीकर) सगळीकडे लागतोच असं नाही. वर्षाला तीस हजार डॉलरपेक्षा कमी उलाढाल असलेल्या छोट्या यजमानांना तो आकारायची सक्ती नसते. दोन-तीन खोल्यांच्या घरात कधीकधी तेवढी बचत होते. बुक करताना 'सगळे कर धरून किती?' असं सरळ विचारावं.

सुमतीची_लेक

ओसरीताई, नेमक्या वेळी धागा आला. आई-बाबा जुलैत येताहेत. दोघंही नाटकवेडे. पण आईचे गुडघे दुखतात, आणि ती अंडंही खात नाही. शिवाय 'परक्याच्या घरात झोपायचं?' हा प्रश्न तिने फोनवर आत्तापासून तीनदा विचारलाय. काय सांगू तिला?

डबा_घेऊन_फिरणारा

@सुमतीची_लेक, खाण्याचं मी सांगतो, त्यात मुरलोय.

नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणालात तर समोर ऑम्लेटच येणार, कारण इथल्या व्याख्येत अंडं बसतं. 'व्हीगन' म्हणालात तर दूध, लोणी, चीज सगळंच बंद होतं आणि आई बिचारी कोरडा टोस्ट खात बसेल. म्हणून सविस्तर लिहा: मांस, मासे, अंडी नकोत. दूध, दही, लोणी, चीज चालेल. अंडं पदार्थात मिसळलेलंही नको. हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं, कारण पॅनकेकच्या पिठात, मफिनमध्ये, फ्रेंच टोस्टमध्ये अंडं असतं आणि यजमानांच्या ते लक्षातही येत नाही. 'पाय' नावाच्या भरल्या पदार्थाच्या पारीत कधीकधी प्राण्याची चरबी असते. बेकनच्याच तव्यावर बटाटे परततात का, तेही विचारून घ्या. चांगले यजमान आठवडाभर आधी स्वतःहून विचारतात. नाही विचारलं तर आपण लिहायचं. टेबलावर बसल्यावर सांगू नये, त्या बाईंची धांदल उडते आणि आपल्याला मेलं शरमल्यासारखं होतं.

आम्हाला एका घरात मिळालेला नाश्ता: आधी वाटीत ताजे पीच आणि घट्ट दही, मग मेपल सिरप घातलेली ओटची गरम लापशी, मग भाजलेले टोमॅटो-मशरूम आणि चेडर घालून केलेले स्कोन. लोणी गार, स्कोन गरम. माझ्या बायकोने तिथल्या तिथे कृती लिहून घेतली. बाईंनी मोजमाप कपात सांगितलं आणि 'थोडं ताक असेल तर बघा' असंही वर म्हणाल्या. ताक! मी खुर्चीतच ताठ झालो.

ओसरी

@सुमतीची_लेक, गुडघ्यांचं मी सांगते.

या घरांत लिफ्ट नसते. वरच्या मजल्याची खोली फोटोत सगळ्यात देखणी असते, कारण उतरतं छप्पर आणि बुरुजाची खिडकी. पण तिथे जायचा जिना बऱ्याचदा मूळचा नोकरांसाठीचा असतो, अरुंद आणि उभा. समोरचा मोठा जिना रुंद, चढायला सोपा आणि घट्ट कठड्याचा असतो. तेव्हा 'कितवा मजला' एवढंच विचारून थांबू नका. 'कुठल्या जिन्याने' हेही विचारा. व्हरांड्याच्या चार-पाच पायऱ्याही मोजायच्या. तळमजल्यावर खोली असलेली घरं थोडी आहेत आणि ती आधी भरतात, म्हणून आजच लिहून टाक.

न्हाणीघराचं वर्णन नीट वाच. 'एन-सूट' म्हणजे खोलीला लागून. 'प्रायव्हेट' म्हणजे फक्त तुमचं, पण कदाचित बोळातून चालत जावं लागेल, त्यासाठी दाराला झगा टांगलेला असतो. 'शेअर्ड' म्हणजे शेअर्ड. आणि तो पंजाच्या पायांचा सुंदर टब! त्याची कड गुडघ्याच्याही वर असते. आईंना पाय उचलून आत टाकता येणार नसेल तर साधा शॉवर असलेली खोली माग. पलंगही उंच असतात, काही ठिकाणी चढायला लाकडी पायरी ठेवतात.

परक्याचं घर म्हणशील तर त्यांना सांग, कोकणात हर्णे-गुहागरला 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय' अशी पाटी बघून आपण बिनधास्त उतरतोच की, तसलंच हे. वर इथली माणसं दारात चपला काढायला लावतात. माझ्या सासूबाईंचं निम्मं अवघडलेपण तिथेच गेलं.

ठाण्याचा_भाचा

भूत आहे का, कुणीच विचारलं नाही. दीडशे वर्षांचं घर, करकरणारा जिना, बुरूज... माझे पैसे वसूल व्हायला पाहिजेत.

कोपऱ्यातला_प्रेक्षक

@ठाण्याचा_भाचा, रात्री दोन वाजता भिंतीतून ठक ठक ठक असा आवाज येतो. उठून दिवा लावलास तर खिडकीखाली लोखंडी रेडिएटर दिसेल. ऑक्टोबरात जा, नक्की भेटेल.

नानू_सांगलीकर

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. मोबाइलवर टंकतोय, चुकलं तर सांभाळून घ्यावे. मी मुलाकडे आलो होतो तेव्हा सूनबाईंनी आम्हा उभयतांना तिथे नेलं होतं.

नाटक चांगलंच होतं. इंग्रजी निम्मं कानावरून गेलं, परंतु शोकांतिकेला भाषा लागत नाही फारशी. मला सांगायचंय ते घराचं. दिवाणखाना आणि जेवणघर यांच्यामध्ये भिंतीत सरकणारी दारं होती. पूर्ण उघडली तर दिसतसुद्धा नाहीत, भिंतीच्या पोटात जातात. मी हायस्कुलात सुतारकाम शिकवलेला माणूस, मला राहवेना. यजमानांना विचारलं. गृहस्थांनी विजेरी आणली आणि फटीतून आतली पट्टी आणि चाकं दाखवली. एकशे तीस वर्षं झाली म्हणाले, तेल देतो, बाकी काही नाही. दार ओकचं, एका पल्ल्याला मी बोटाने ढकललं तर सरकलं. मग आम्ही दोघं खिडक्यांकडे वळलो. उभ्या सरकणाऱ्या खिडक्या, चौकटीत दोरीला बांधलेलं लोखंडी वजन, म्हणून हवी तिथे थांबते. मूळची काच किंचित लाटेदार, बाहेरचं झाड हललं नाही तरी हलल्यासारखं दिसतं. गावात फर्निचरचे कारखाने होते हे आता इथे वाचून उलगडा झाला. लाकडाचं काम एवढं चोख उगाच नाही.

नाश्त्याला एका अमेरिकन बाईंनी विचारलं, तुमच्याकडे नाटक असतं का? मी म्हणालो, बाई, मी सांगलीचा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली आमच्या गावात नाटक उभं केलं. सूनबाई भाषांतर करत होती, तिने माझा आवाज मात्र थोडा कमी केला असावा. मग संगीत नाटकाचा विषय निघाला, पद म्हणून दाखवा म्हणाले. सौ. म्हणाल्या, सकाळी नऊला कसलं पद. पण दोन ओळी म्हटल्या. यजमान भांडी तशीच टाकून ऐकत उभे राहिले.

सुमतीच्या लेकीस: आई-वडिलांना अवश्य न्यावे. मात्र खोली तळमजल्यावर घ्यावी. आमच्या सौ. वरून खाली येईपर्यंत चहा दोनदा गार झाला.

रानजाई

नानूकाका, सुरेख. तुम्ही वेगळा धागाच काढा!

मुलांबद्दल कोणीच बोललं नाही. बऱ्याच जुन्या घरांत दहा-बारा वर्षांखालची मुलं घेत नाहीत, आणि मला त्यात राग येण्यासारखं काही वाटत नाही. पातळ भिंती, काचेचे दिवे, शेजारच्या खोलीत नाटकाहून उशिरा आलेली माणसं. लहान मुलं असतील तर सरळ आख्खं घर भाड्याने घ्यावं किंवा मोटेल गाठावं. इथे मी वॉटर्लूवासींच्या बाजूने.

मोठी मुलं असतील तर दुसऱ्या दिवशी सेंट मेरीजला जा, वीस-पंचवीस मिनिटांवर. चुनखडीचं गाव, आणि चुनखडीच्या जुन्या खाणीतच पोहायचा तलाव केलाय. कॅनडाचं बेसबॉल हॉल ऑफ फेमही तिथेच आहे. माझ्या क्रिकेटवेड्या मुलाने तिथे दोन तास घालवले आणि वर म्हणाला की नियम फालतू आहेत. स्ट्रॅटफर्डमध्येच नाटकांच्या कपड्यांचं मोठं कोठार दाखवतात, त्याची सहल मुलींना फार आवडते. आणि मुलांनाही, पण ते कबूल करत नाहीत.

हिशेबनीस

रद्द करण्याच्या नियमांबद्दल लिहायलाच हवं. आमच्या घरात आजारपण निघालं म्हणून चार दिवस आधी कळवलं, तर एका यजमानांनी दोन्ही रात्रींचे पूर्ण पैसे ठेवून घेतले. नियमात चौदा दिवस लिहिलं होतं, त्यामुळे कायद्याने त्यांचं बरोबर. पण खोली नंतर दुसऱ्याला दिली असं कळलं, तेव्हा चडफडलोच. नाव लिहीत नाही.

ओसरी

@हिशेबनीस, वाईट झालं. पण तीन खोल्यांच्या घरात एक खोली रिकामी गेली की त्या रात्रीचं एक तृतीयांश उत्पन्न जातं, मोठ्या हॉटेलसारखं ते दहा जागी विभागलं जात नाही. म्हणून नियम कडक असतात. तरी खोली पुन्हा भरली तर पैसे परत करायला हवेत असं माझंही मत. काही यजमान तसं लेखी देतात, तेवढं बघून बुक करावं. प्रवासविम्यात मुक्काम रद्द झाल्याची भरपाई बसते का, तेही पाहावं. आणि क्रम कायम असा: आधी नाटकाची तिकिटं, मग खोली, मग जेवणाच्या जागा. प्रयोगाआधीच्या जेवणाला आयत्या वेळी टेबल मिळत नाही. १९८३ पासून गावात शेफ घडवणारी शाळा आहे, त्यामुळे जेवण उत्तम, पण गर्दीही तशीच.

वॉटर्लूवासी

नानूकाकांची ती सरकणारी दारं वाचून बायकोने धाग्याची लिंक मलाच पाठवली आहे. सोबत एक बुधवारची तारीख. कुठल्या घरात नऊऐवजी दहाला नाश्ता मिळतो का, एवढं कुणी सांगेल का?

डबा_घेऊन_फिरणारा

@वॉटर्लूवासी, काही जण साडेआठ आणि दहा अशा दोन पंगती ठेवतात. विचारून बघा. गाडी न्याल तर ड्राइव्हवेत एकामागे एक लावायला सांगतात. सकाळी आधी निघणाऱ्याने सगळ्यात मागे लावायची. म्हणजे तुम्ही सगळ्यात पुढे.

सुमतीची_लेक

तळमजल्याची खोली मिळाली! मंगळवार-बुधवार. आईच्या खाण्याचं वरचं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत करून पाठवलं, त्यांचं तासाभरात उत्तर आलं की ओटची लापशी आणि बटाट्याचा एक प्रकार करेन. बाबांनी आत्तापासून नाटक वाचायला घेतलंय. गाडी त्या दिवशी नवरा दुसरीकडे घेऊन जाणार आहे, म्हणून अजून एक शेवटची शंका: टोरांटोहून बस आहे का?

ओसरी

आहे. हंगामात महोत्सवाचीच बस डाउनटाउन टोरांटोहून सुटते, नाटकाच्या तिकिटांबरोबरच तिचं तिकीट काढता येतं. रोज नसते, तेव्हा प्रयोगाची तारीख आणि बसची तारीख जुळवून घे. मुक्काम करणार आहेस तर परतीची दुसऱ्या दिवसाची मिळते का, हे फोन करून विचार. रेल्वेही थांबते, पण वेळा नाटकाशी जुळतीलच असं नाही. बस थिएटरपाशी सोडते. बॅगा घेऊन आईंना चालायला नको, यजमानांना आधी कळव. बरेच जण गाडी घेऊन न्यायला येतात.

नानू_सांगलीकर

बॅगेत आईसाठी लोणच्याची बाटली ठेवणे. लापशीबरोबर लागते.

डबा_घेऊन_फिरणारा

काका +१. झाकण घट्ट लावा, पांढऱ्या चादरी असतात.